अलॉय चाकांवरची ब्रेकची काळी धूळ : कोल्हापुरातील नऊ महिन्यांचा अनुभव

माझी गाडी पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक आहे. तिला 16 इंची डायमंड कट अलॉय चाके आहेत. पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक. रोजची फेरी राजारामपुरीतून कावळा नाका आणि तावडे हॉटेलमार्गे शिरोली औद्योगिक वसाहतीपर्यंतची, आणि महिन्यातून एकदा बहिणीकडे रत्नागिरीला, म्हणजे आंबा घाटातून. दिवाळीच्या सुमारास मी चाकांवर बसणाऱ्या काळ्या धुळीचा नीट बंदोबस्त करायचे ठरवले. तेव्हापासून श्रावणापर्यंत मी काय वापरले, त्यातले काय उपयोगी पडले आणि कशावरचा खर्च वाया गेला, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मी फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये काम करतो, त्यामुळे या धुळीशी माझी ओळख जुनी आहे. ब्रेकची डिस्क बहुतेक गाड्यांत ग्रे कास्ट आयर्नची, म्हणजे आपण ज्याला बीड म्हणतो त्याची असते. बिडात साधारण तीन ते साडेतीन टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो; म्हणूनच लेथवर बीड कातताना लांब चिप निघत नाही, काळा भुगा निघतो आणि पाळी संपेपर्यंत हात काळे होतात. ब्रेक लावल्यावर पॅड आणि डिस्क एकमेकांवर घासतात तेव्हा हेच काम फार बारीक प्रमाणात चाकाच्या आत चालू असते. डिस्कचे लोखंड, पॅडमधले धातूचे कण, तंतू आणि त्यांना धरून ठेवणारे रेझिन यांची मिळून ही धूळ बनते, आणि ती गरम असतानाच चाकाच्या लॅकरवर, म्हणजे वरच्या पारदर्शक थरावर, जाऊन बसते. सुरुवातीला ती बोटाने पुसली जाते. मात्र दव किंवा पाऊस लागला की तिच्यातले लोखंड गंजू लागते, कण लॅकरला घट्ट धरतात आणि काही आठवड्यांत पृष्ठभागावर नारिंगी ठिपके दिसू लागतात, जे शाम्पूने कितीही घासले तरी जात नाहीत. गाडी थांबवताना वजन पुढे येते आणि ब्रेकचे बहुतेक काम पुढच्या चाकांवर पडते, शिवाय मागच्या ड्रममधला भुगा बराचसा आतच राहतो, त्यामुळे माझी मागची चाके पंधरा दिवस बरी दिसतात आणि पुढची चार दिवसांत काळवंडतात.

या प्रयोगाला सुरुवात करण्याचे खरे कारण एक नुकसान होते. गेल्या वर्षी गाडी एका वॉशिंग सेंटरवर दिली असता तिथल्या मुलाने चाके पाहून सांगितले, "दादा, टेन्शन घेऊ नगा, दोन मिनिटांत आरशागत करतो." त्याने कॅनमधले पातळ केलेले द्रावण ब्रशने चाकांवर फिरवले आणि चाके खरोखरच दोन मिनिटांत लखलखली. ते अ‍ॅसिड होते. चाके तेव्हा उन्हाने आणि ब्रेकने तापलेली होती, त्यामुळे द्रावण एका चाकावर वाळले आणि तिथे पांढुरका, धुरकट डाग राहिला, जो आजही आहे. डायमंड कट चाकाचा चेहरा मशीनवर कातलेले उघडे अ‍ॅल्युमिनियम असते आणि त्याच्यावर रंग नसून फक्त पारदर्शक लॅकर असते. ते लॅकर एकदा फुटले की त्याखाली गांडुळाच्या वाटेसारखी पांढरी गंजरेषा पसरत जाते. मला अधिक वाईट वाटले ते त्या मुलाच्या उघड्या हातांचे. चाके चमकवणाऱ्या काही अ‍ॅसिड क्लीनरमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा त्याचे क्षार असतात, आणि त्याची जखम सुरुवातीला दुखत नाही पण खोलवर जाते. आपली चाके दोन मिनिटांत चमकावीत म्हणून कोणी हे हातावर घेऊ नये, असे मला मनापासून वाटते, आणि तेव्हापासून चाकांचे काम मी स्वतः करतो.

पहिली गोष्ट साप्ताहिक धुण्याची, आणि नऊ महिन्यांत सर्वांत जास्त फरक याच साध्या गोष्टीने पडला. रविवारी सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी, चाके पूर्ण थंड असताना, आधी पाण्याचा जोरदार फवारा मारतो, मग गाडीचाच साधा शाम्पू वेगळ्या बादलीत घेऊन मऊ केसांच्या ब्रशने आऱ्या, आऱ्यांमागचा भाग आणि नटांच्या खाचा धुतो. चाकांचे कापड आणि बादली बॉडीसाठी कधीही वापरत नाही, कारण त्यात अडकलेला लोखंडी भुगा रंगावर बारीक ओरखडे पाडतो. कोरड्या चाकावर ब्रश मारणे किंवा हवेच्या नळीने धूळ उडवणे मी पूर्ण बंद केले आहे. ही धूळ श्वासात जाण्याइतकी बारीक असते. युरोपीय संघाने 2024 मध्ये मंजूर केलेल्या युरो 7 नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली गेली, पेट्रोल-डिझेल मोटारींसाठी किलोमीटरला 7 मिलिग्रॅम आणि पूर्ण विजेवरच्या मोटारींसाठी 3 मिलिग्रॅम. विजेवरच्या गाडीत वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते, म्हणूनच आमच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याच्या गाडीची चाके महिनाभर न धुताही माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतात.

धुऊन झाल्यावर गाडी तशीच उभी करू नये. डिस्क ओली राहिली तर रात्रीत तिच्यावर तांबूस गंज येतो. तो पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो हे खरे, पण निघतो म्हणजे पुन्हा चाकावरच येऊन बसतो. मी धुतल्यानंतर गल्लीतून एक फेरी मारून चार-पाच वेळा हलका ब्रेक लावतो आणि मगच गाडी लावतो.

दुसरी गोष्ट आयर्न रिमूव्हर, म्हणजे चाकाला चिकटलेले लोखंडाचे कण सैल करणारे द्रावण. ब्रँड सांगण्यात फारसा अर्थ नाही, कारण मी वापरलेल्या दोन्ही बाटल्यांचा मुख्य घटक एकच होता, थायोग्लायकोलेट. याच जातीचे रसायन केस कुरळे करण्याच्या द्रावणात आणि केस काढण्याच्या क्रीममध्ये असते, त्यामुळे त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. बंद पार्किंगमध्ये ते वापरू नये, आणि हातमोजे घालावेत. अ‍ॅसिडप्रमाणे ते धातू खात सुटत नाही, पीएच साधारण उदासीन असतो, आणि लोखंडाशी त्याचा संयोग झाला की जांभळा रंग येतो. पहिल्या रविवारी पुढच्या चाकांवरून जांभळे पाणी अक्षरशः ओघळत होते आणि वर्षभराचे नारिंगी ठिपके तीन-चार मिनिटांत सैल झाले. पण या रंगाच्या मोहात पडून मी पुढे दर आठवड्याला ते मारू लागलो, ही चूक होती. चार रविवारांत अर्ध्या लिटरची सहाशे रुपयांची बाटली संपली, आणि शाम्पूने निघणारी धूळच मी महागड्या द्रावणाने काढत होतो. आता दोन ते अडीच महिन्यांतून एकदा, सावलीत, थंड चाकावर ते मारतो, वाळू देत नाही आणि भरपूर पाण्याने धुतो. एवढे पुरते. डांबराच्या ठिपक्यांवर मात्र त्याचा काहीही परिणाम होत नाही. त्यासाठी वेगळा टार रिमूव्हर लागतो.

तिसरी गोष्ट, जिच्याविषयी मी सर्वांत अधिक सांगू इच्छितो, ती कोटिंगची. आधी साधे मेण लावून पाहिले होते. त्यातले कार्नौबा, म्हणजे ताडजातीच्या झाडाचे मेण, 82 ते 86 अंश सेल्सिअसला वितळते, आणि घाट उतरून आलेल्या पुढच्या चाकाचा मधला भाग हाताला चटका देतो, तेव्हा ते तिथे फार दिवस राहील अशी अपेक्षाच चुकीची होती. म्हणून चाकांसाठीचे सिलिका असलेले सिरॅमिक कोटिंग आणले. त्याचा गुण खरोखर कळावा यासाठी डावीकडच्या दोन्ही चाकांना ते लावले आणि उजवीकडची दोन्ही तशीच ठेवली. एकेक चाक जॅकवर उतरवून आतली बाजूही स्वच्छ करून तिला कोटिंग दिले, कारण भुगा सर्वांत जास्त तिथेच भाजून बसतो आणि बाहेरून ब्रश पोहोचत नाही. चाक परत बसवताना नट समोरासमोरच्या क्रमाने आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकेच, म्हणजे पिळण्याच्या जोराइतकेच, घट्ट करावेत. नुसत्या अंदाजावर सोडण्याची ही गोष्ट नाही.

पहिले चार महिने फरक इतका ठळक दिसला की मी ओळखीच्या सर्वांना कोटिंग घ्या असे सांगत सुटलो. डावे पुढचे चाक नुसत्या फवाऱ्याने निम्मे स्वच्छ होई, तर उजवे पुढचे चाक बुधवारीच काळेभोर दिसे. होळीच्या आसपास, एकदा शिरोलीहून परतल्यावर सहज दोन्ही चाकांजवळ हात नेला, तर उजवे बरेच अधिक तापलेले जाणवले. उद्यमनगरातील मेकॅनिककडे गाडी नेली. त्याने चाक उतरवले आणि कॅलिपर, म्हणजे पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग, हलवून पाहिला. "साहेब, पिन जाम झालीया, पॅड सुटंना झालाय, म्हणून एवढं काळं पडतंय," असे तो म्हणाला. कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती कोरडी पडून अडकली होती, त्यामुळे ब्रेक सोडल्यावरही पॅड डिस्कला घासत राहत होता. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्म्याने जास्त झिजला होता. म्हणजे चार महिने ज्याला मी कोटिंगचा विजय समजत होतो, त्यातला मोठा वाटा त्या अडकलेल्या पिनेचा होता. हे लक्षात आल्यावर मी ज्यांना कोटिंगची शिफारस केली होती त्यांना फोन करून ती दुरुस्त केली. एका बाजूचे चाक अचानक दुसऱ्यापेक्षा लवकर काळे पडू लागले तर क्लीनर शोधण्यापूर्वी ब्रेक तपासून घ्यावा, हे मला धूळ पुसतानाच कळले.

पिन साफ करून योग्य ग्रीस लावली आणि पुढचे पॅड दोन्ही बाजूंचे एकदमच बदलले. नवे पॅड कमी धूळ देणारे, सिरॅमिक मिश्रणाचे घेतले. त्यांची धूळ कमी आहेच, शिवाय रंगाने फिकट राखाडी आहे आणि चाकाला तितकी चिकटत नाही. सकाळच्या गारव्यात पहिले एक-दोन ब्रेक किंचित मऊ लागतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर एकदम जोराचे ब्रेक टाळून ते बसू दिले. केवळ धुळीसाठी चांगले पॅड काढून टाकावेत असे मी म्हणणार नाही; बदलण्याची वेळ आलीच तर आपल्या गाडीसाठी शिफारस केलेल्या पॅडमध्ये असा पर्याय आहे का, एवढे विचारावे.

त्यानंतर एप्रिलपासून तुलना नव्याने केली. कोटिंगचे चाक अजूनही सहज धुतले जाते, पण फरक पूर्वीइतका नाही: बिनकोटिंगच्या चाकाला ब्रश दोनदा फिरवावा लागतो, कोटिंगच्याला एकदा. जूनच्या अखेरीस डाव्या पुढच्या चाकावर पाण्याचे थेंब उभे राहीनासे झाले, म्हणजे तिथले कोटिंग उतरले. मागच्या चाकावर मात्र ते अजून गोल उभे राहतात. धूळ बसणे कोटिंगने थांबत नाही, तिची पकड सैल होते, आणि पुढच्या चाकावर हा गुण सात-आठ महिने टिकला. बाराशे रुपयांच्या बाटलीत चारही चाके दोनदा होतील, म्हणून मी हा खर्च वाया गेला असे मानत नाही.

घाटाविषयी एक निरीक्षण. पूर्वी आंबा घाट मी चौथ्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून उतरत असे आणि साखरप्यात चहाला थांबल्यावर ब्रेकचा जळका वास येई. आता वळणांच्या आधीच दुसरा-तिसरा गिअर टाकून इंजिनच्या जोरावर उतरतो आणि ब्रेक थोडा वेळ नीट दाबून सोडतो. रत्नागिरीला पोहोचल्यावर चाके पूर्वीच्या निम्मीही काळी नसतात. पॅडही त्यामुळे जास्त टिकतील, हा लाभ वेगळाच.

आपल्या भागाचे काही प्रश्न मात्र ब्रेकशी संबंधित नाहीत. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे तासभर थांबत-सरकत जावे लागते, तेव्हा ब्रेकची धूळ आणि रस्त्यावरचा चिखल एकत्र होऊन जाड थर बसतो. तो आधी पाण्याने पूर्ण भिजू द्यावा, ताबडतोब घासू नये. जोतिबाला जाऊन आल्यावर चाकांच्या खाचांत गुलाल भरतो, तो आयर्न रिमूव्हरच्या आधी धुऊन काढावा, नाही तर जांभळा रंग लोखंडाचा की गुलालाचा हे ओळखता येत नाही. आमच्या इमारतीच्या बोअरचे पाणी जड आहे आणि ते वाळले की चाकांवर पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचे पाणी नळाचे घेतो आणि चाके मायक्रोफायबरने लगेच टिपतो. पावसाळ्यात शाहूवाडीकडची तांबडी माती सगळे झाकून टाकते. त्या तीन महिन्यांत चाके देखणी ठेवण्याचा आग्रह मी सोडला आहे, पण आठवड्याचे धुणे सोडलेले नाही, कारण ओल्या दिवसांतच लोखंड सर्वांत लवकर गंजते.

दसऱ्याला फक्त पुढच्या दोन्ही चाकांना कोटिंग लावणार आहे. गेल्या रविवारी पावसाने उघडीप दिली तेव्हा दुसऱ्या बाटलीच्या तळाशी उरलेला आयर्न रिमूव्हर उजव्या पुढच्या चाकावर मारला आणि घड्याळ लावून चार मिनिटे थांबलो. आऱ्यांवरून स्वच्छ द्रावण ओघळले, आणि जांभळा रंग उमटला तो केवळ नटांच्या खाचांत.