तोकाइदो: आडवं चित्र की उभं?

जपानी चित्रकार हिरोशिगेचं तोकाइदो या जुन्या रस्त्यावरचं एखादं जुनं छापचित्र घ्यायचं म्हटलं, की गाडी बहुधा दोन संचांपाशी अडते: होएइदो या प्रकाशकानं १८३३-३४च्या सुमारास काढलेला आडवा आणि त्सुताया या प्रकाशकानं १८५५ साली काढलेला उभा. दोन्हींत एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो हाच रस्ता, तेच ५३ टप्पे.

वाटसरूंसाठी घेणार असाल, तर आडव्याला तोड नाही. शोनो या टप्प्याच्या चित्रात तिरप्या सरी कोसळताहेत, मागची बांबूची बेटं करड्या छटांत विरत गेलीत, पालखीवाले चढ चढताहेत आणि छत्रीवाला उलट दिशेनं खाली पळतोय. (पहिल्या छपाईत त्या छत्रीवर प्रकाशकाचंच नाव आहे. भर पावसातही जाहिरात!) योक्काइचीला एकाची टोपी वाऱ्यानं उडालीय आणि तो तिच्यामागे धावतोय. उभ्या संचात हिरोशिगे बऱ्याचदा उंचावरून बघतो. डोंगर, खाडी, शिडं झकास. माणसं मात्र मुंगीएवढी.

तरी मी उभं घेतलं, ते घडीपायी. हे संच पूर्वी अल्बम करून ठेवायचे, आणि आडवं चित्र अल्बममध्ये जायचं तर मधोमध दुमडावं लागे. त्यामुळे माझ्या खिशाला परवडतील अशा बहुतेक आडव्या प्रतींत वरपासून खालपर्यंत एक रेघ दिसली. विक्रेते म्हणतात, ‘फ्रेममध्ये कळत नाही.’ दुपारी कळतही नाही. संध्याकाळी बाजूचा दिवा लावला, की कागदाचा तो उंचवटा सावली धरतो. कानबाराच्या चित्रातल्या बर्फात तर नजर आधी रेघेवर जाते, मग माणसांवर. एकदा दिसली की दिसतच राहते. उभ्याला दुमडायची गरजच नसे. शिलाईची भोकं कडेला असतात, ती माउंटखाली, म्हणजे फ्रेममधल्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली जातात.

कुणाला माझं हे नखरेल वाटेल, आणि घडी चालत असेल तर आडवं जरूर घ्या. नव्यानं लाकडी ठसे कोरून छापलेली प्रत घेणार असाल, तर हा प्रश्नच उरत नाही. मग डोळे मिटून शोनो.

जुनंच हवं असेल, तर उभ्यातलं हाकोने एकदा बघा. आडव्या हाकोनेत रंगीबेरंगी डोंगरच सगळी जागा खातो, मिरवणुकीच्या नुसत्या टोप्या दिसतात. उभ्यात रात्र आहे, घाट आहे, मशाली घेऊन निघालेली माणसं आहेत, आणि ती चांगली मोठी आहेत.