७६ टक्के चार्ज, आणि गाडी बंद : इलेक्ट्रिक कारचा १४ महिन्यांचा अनुभव

१४ महिने झाले, २१,३०० किलोमीटर झाले. एवढ्या काळात गाडी एकदाच बंद पडली, आणि तेव्हा तिच्या बॅटरीत ७६ टक्के चार्ज होता.

सहा दिवस बाहेर होतो. गाडी घरीच पार्किंगमध्ये उभी. परत आल्यावर सकाळी किल्लीचं बटण दाबलं, तर काहीच नाही. आरसे उघडले नाहीत, दिवे लुकलुकले नाहीत. किल्लीतला सेल गेला असेल म्हणून वर जाऊन दुसरी किल्ली आणली. तरी तेच. किल्लीच्या पोटात धातूचं पातं असतं, ते काढून ड्रायव्हरचं दार उघडलं. आत स्क्रीन काळीठिक्कर. मग वाटलं, चार्जिंगला लावू, म्हणजे जागी होईल. गन लावली, पण भिंतीवरच्या चार्जरला गाडी जोडल्याचं कळलंच नाही. भिंतीत वीज आहे, गाडीच्या पोटात ३० युनिट वीज आहे आणि गाडी दगडासारखी उभी. पेट्रोल गाडीच्या २२ वर्षांत असा प्रकार मी पाहिला नव्हता.

दोष होता बोनेटखालच्या छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा. या गाडीबद्दल मला जे सांगायचं आहे त्यातलं निम्मं या बॅटरीबद्दलच आहे. मॉडेल लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका मॉडेलचा नाही. रेंज किती, चार्जिंगला वेळ किती, बॅटरीची वॉरंटी किती वर्षांची, हे सगळे विचारतात. मीही विचारलं होतं. या छोट्या बॅटरीबद्दल मी एकदाही विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलंही नाही.

मोठी बॅटरी साधारण ३०० ते ४०० व्होल्टची असते. गाडी बंद केली की सुरक्षेसाठी ती उरलेल्या गाडीपासून पूर्ण तोडली जाते. मध्ये कॉन्टॅक्टर नावाचे जाड रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतात. गाडी सुरू करताना ते खटकन जोडले जातात, तो आवाज इलेक्ट्रिकवाल्यांच्या ओळखीचा असेल. ते जोडायला लागते १२ व्होल्टची वीज. कुलपं, स्क्रीन, एअरबॅग, कॉम्प्युटर हे सगळं त्याच १२ व्होल्टवर. चार्जरशी बोलतो तोही गाडीचाच कॉम्प्युटर, म्हणून छोटी बॅटरी मेली की गन लावूनही उपयोग नसतो. गाडी चालू असताना मोठ्या बॅटरीतून कन्व्हर्टरमार्फत छोटी बॅटरी भरत राहते. बंद गाडीत ती एकटी असते.

खरी मेख अशी की ती आधी सूचना देत नाही. पेट्रोल गाडीत स्टार्टर फिरवायला शेकडो अँपिअर लागतात. बॅटरी उतरायला लागली की थंडीच्या सकाळी इंजिन कण्हतं, आपण ओळखतो आणि बॅटरी बदलतो. इलेक्ट्रिकमध्ये स्टार्टरच नाही. रिले आणि कॉम्प्युटर जागे करायला थोडीशी वीज पुरते. त्यामुळे पार खंगलेली बॅटरीही रोज गाडी सुरू करून देते आणि मग एके दिवशी देत नाही.

मदतीला फोन केला तर दोन तासांनी उचलून नेणारी गाडी आली. पण आमच्या गाडीचा गिअर ‘पार्क’मध्ये अडकलेला, हँडब्रेकही विजेवरचा. न्यूट्रलला जाईना, मग ओढणार कशी? शेवटी शेजारच्या काकांनी त्यांची जुनी पेट्रोल गाडी समोर आणली, जंपर केबल लावल्या, आणि दहाव्या सेकंदाला खटकन कॉन्टॅक्टरचा आवाज आला. स्क्रीनवर ७६ टक्के. आवाज ऐकून काकांना माझ्याइतकाच आनंद झाला.

पुढे सर्व्हिस सेंटरमधली लढाई. "सर, तुम्ही बाहेरून डॅशकॅम बसवलाय, हे वॉरंटीत येत नाही." मी म्हटलं, डॅशकॅम (काचेमागचा रस्ता टिपणारा कॅमेरा) आत्ता काढा, बॅटरी रात्रभर चार्ज करा आणि सकाळी माझ्यासमोर लोड टेस्ट करा, म्हणजे तिच्यावर भार टाकून ती टिकते का ते बघा. पास झाली तर बिल मी भरतो. ठणठणीत १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरून काही तास नुसती ठेवली की साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. आमची १२.१ वर होती आणि लोड टेस्टमध्ये सपशेल नापास झाली. तरी बॅटरी बदलून मिळायला ११ दिवस गेले आणि मला चार चकरा माराव्या लागल्या. या ११ दिवसांत मी घरी चिडून बोलत होतो की पेट्रोलच बरं होतं.

तो राग शांत झाल्यावर कागद-पेन घेऊन बसलो आणि मत थोडं बदलावं लागलं. डॅशकॅम पार्किंग मोडमध्ये, म्हणजे गाडी उभी असतानाही चालू राहून, साधारण ४ वॅट खात होता, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.३३ अँपिअर. दिवसाचे २४ तास धरले तर ८ अँपिअर-अवर. बॅटरीची एकूण क्षमताच ४५ अँपिअर-अवर. सहा दिवसांत ४८! नवीकोरी बॅटरीसुद्धा यात रिकामी झाली असती. त्यात बाहेर असताना मी दिवसातून तीनचार वेळा ॲप उघडून गाडी पाहत होतो, आणि दरवेळी ॲप गाडीच्या कॉम्प्युटरला उठवतं. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार इतकी उतरली की तिच्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. वर्षभर छोट्या छोट्या सुट्ट्यांत मी हेच करत आलो होतो. तेव्हा चूक माझीही होती.

पण सर्व्हिस सेंटरला मी पूर्ण सोडत नाही. उभ्या गाडीत मोठ्या बॅटरीतून छोटी आपोआप भरून घेण्याची सोय माझ्या गाडीच्या एका सॉफ्टवेअर अपडेटमध्ये आधीच आली होती. ती माझ्या गाडीत टाकलीच नव्हती. दोन सर्व्हिसिंग झाल्या, दोन्ही वेळा गाडी धुऊन मिळाली आणि अपडेट राहून गेलं. आता टाकलं आहे. डॅशकॅम गाडीबरोबर बंद होईल असा जोडून घेतला आहे, आणि डिकीत मुठीएवढा जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीला तात्पुरती वीज देणारी छोटी बॅटरी, असतो.

लेड-ॲसिड बॅटरीचा शोध १८५९चा, फ्रान्सच्या गास्तों प्लांतेचा. १९०० च्या आसपास अमेरिकेत इलेक्ट्रिक गाड्या चांगल्या चालत होत्या, कारण पेट्रोल गाडी सुरू करायला समोर उभं राहून हँडल मारावं लागायचं आणि ते उलटं फिरलं तर हात मोडायचा. १९१२ मध्ये कॅडिलॅक या मोटार कंपनीने अभियंता चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर बसवला, हँडलची कटकट गेली आणि पेट्रोलचं एक मोठं वैगुण्य संपलं. तो स्टार्टर याच जातीच्या बॅटरीवर चालायचा. आता स्टार्टर गेला, इंजिन गेलं, तरी ती बॅटरी गाडीत बसून आहे. टेस्लाने २०२१ मध्ये आपल्या काही गाड्यांत तिच्या जागी लिथियम-आयनची छोटी बॅटरी द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनीच तसं करायला हवं असं मला मनापासून वाटतं. इतक्या महागड्या गाडीत एवढीशी काटकसर गिऱ्हाइकाला रस्त्यावर उभं करते.

आता बाकीचं. हिशेब मी पहिल्या दिवसापासून वहीत ठेवतो आणि गाडीच्या स्क्रीनवर विश्वास ठेवत नाही. स्क्रीन म्हणते १०० किलोमीटरला १३.४ युनिट. मीटरवर मोजलं तर १५.२. हा फरक चार्जिंग करताना उष्णतेत जातो. बिल मीटरप्रमाणे येतं, तेव्हा खर्च काढताना तोच आकडा धरा. २१,३०० किलोमीटरला एकूण ३,२४० युनिट लागले. माझी जुनी गाडी लिटरला १५ द्यायची, म्हणजे याच अंतराला १,४२० लिटर पेट्रोल लागलं असतं. एका लिटरमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते, म्हणजे १२,७०० युनिटच्या वर. इंजिन त्यातला मोठा भाग रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत सोडून देतं. वीज कोळशावर बनते तिथेही बरीच उष्णता वाया जाते, हा मुद्दा खरा आहे आणि तो मला मान्य आहे. पण माझ्या खिशातून जे जातं ते घरी चार्ज केल्यावर पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंही होत नाही. हे आकडे पाहिले की ११ दिवसांचा राग निवळतो.

वरच्या ३,२४० पैकी २,६१० युनिट घरचे आहेत. सगळं गणित इथेच आहे. रात्री गन लावायची, सकाळी गाडी तयार. सात किलोवॉटचा चार्जर असेल तर ४० युनिटची बॅटरी सहा तासांत भरते, ३.३ चा असेल तर रात्रभर. दोन्ही चालतं, कारण आपण झोपलेलो असतो. पण स्वतःची पार्किंगची जागा आणि तिथे वीज नसेल तर इतक्यात घेऊ नका. फास्ट चार्जरवर मला दर युनिटला घरच्यापेक्षा दुप्पट-अडीचपट पडतात. शिवाय आठवड्यातून दोनदा रांगेत उभं राहायचं म्हणजे सगळी मजा जाते.

लांबच्या प्रवासाबद्दल माझं मत दोनदा बदललं. पहिल्या महिन्यात भीती होती. सहाव्या महिन्यात ती गेली. आता असं म्हणेन की प्रवास जमतो, पण वेगावर ताबा ठेवावा लागतो. ताशी ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, कारण तो वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. गावात मला २९० किलोमीटर मिळतात, मोकळ्या रस्त्यावर शंभरने २२५. फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांनंतर थांबू नका. पुढे वेग इतका पडतो की शेवटच्या २० टक्क्यांत तेवढाच वेळ जातो, आणि मागचा माणूस आपल्याकडे बघत बसतो. कडाक्याच्या थंडीत रेंज आणखी घटते, कारण हीटरला इंजिनची फुकटची उष्णता इथे मिळत नाही.

ब्रेक पॅड जवळपास नव्यासारखे आहेत, रिजनची कृपा (वेग कमी करताना मोटरच गाडी आवरते आणि बॅटरी भरते). टायर मात्र जुन्या गाडीपेक्षा लवकर झिजताहेत. वजन जास्त आणि ओढ तात्काळ, दोन्हीचा परिणाम. मोटरला ऑइल बदल नाही, टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही. शांतता इतकी की आईला गाडीत झोप लागते, जी पूर्वी कधी लागली नव्हती.

घरातली दुसरी गाडी अजून पेट्रोलची आहे. पुढच्या वर्षी तीही इलेक्ट्रिकच घेणार. शोरूममध्ये गेल्यावर बोनेट उघडायला सांगणार आणि तीन गोष्टी विचारणार : १२ व्होल्टची बॅटरी कुठे आहे, गाडी मेल्यावर तिथपर्यंत हात कसा पोचतो, आणि उभ्या गाडीत ती स्वतःहून भरते का. वापरून पाहायला त्यानंतरच बसेन. नव्या बॅटरीचं आज सकाळचं रीडिंग १२.६ आहे, वहीत लिहिलं.