कापूस विकला की घरी येणारा पीआरचा एजंट

माझा धाकटा भाऊ कॅनडात, ओंटारिओमध्ये, ग्रीनहाऊसमध्ये भाजी तोडायच्या कामावर आहे. वर्क परमिट एकाच मालकाच्या नावाचं, मुदतीचं. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडे.

२०२५च्या दिवाळीनंतर कापूस विकून घरात पैसे आले आणि अमरावतीचा एक एजंट थेट बाबांकडे आला. भावाला त्यानं काहीच विचारलं नाही. "काका, पोराची मुदत संपत आली. एलएमआयए काढून देतो, त्याचे ५० पॉइंट वाढतात, पीआर पक्की." पीआर म्हणजे तिथं कायमचं राहायची परवानगी. पोरगं परत येईल या धाकानं बाबांनी दोन एकर वावर गहाण टाकलं. साडेचार लाख दिले. निम्मे रोख, निम्मे कुणा तिसऱ्याच माणसाच्या खात्यावर. पावती नाही.

एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार ठेवायला मालकानं तिथल्या सरकारकडून घ्यायची मंजुरी. बहुतेक कामांना तिची फी १००० डॉलर, ती मालकानंच भरायची. कामगाराकडून वसूल करायला तिथं मनाई आहे. आणि नोकरीच्या ऑफरचे ते पॉइंट एक्सप्रेस एंट्रीतून, म्हणजे पॉइंट मोजून पीआरसाठी माणसं निवडायच्या तिथल्या पद्धतीतून, २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकले आहेत. म्हणजे जी गोष्ट उरलीच नव्हती, ती त्यानं आमच्या बाबांना विकली.

त्याहून वाईट हे, की भावाचं काम तिथल्या वर्गवारीत सगळ्यात खालच्या, टीअर ५ गटात येतं. कॅनेडियन एक्सपिरियन्स क्लास, म्हणजे तिथल्या कामाच्या अनुभवावर पीआर मिळायचा मार्ग. त्याला टीअर ० ते ३ मधल्या कामाचा एक वर्षाचा अनुभव लागतो. त्या मार्गानं हा अनुभव मोजलाच जात नाही. एजंटला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

भावाच्या अर्जाचं ऑनलाइन खातं एजंटनं स्वतःच्या ईमेलवर उघडलं आणि पासवर्ड कुणालाच दिला नाही. आम्हाला दाखवलेल्या कागदावर अर्जाचा क्रमांकच नव्हता. खरं तर एक्सप्रेस एंट्रीची प्रोफाइल फुकट बनते आणि ती भाऊ स्वतः बनवू शकला असता.

आम्ही फसवणुकीची तक्रार दिली आहे, तपास सुरू आहे. तुमच्या घरचं कुणी तिकडे असेल, तर पैसे देण्याआधी त्यालाच फोन लावा. पैसे घेऊन सल्ला देणारा तिथला वकील किंवा पॅरालीगल (मर्यादित कायदेशीर कामाचा परवाना असलेला), क्युबेकचा नोटरी किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो. सल्लागारांची यादी त्यांच्या कॉलेजच्या, म्हणजे त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. एजंटकडून परवाना क्रमांक मागा आणि त्या यादीत तो नंबर त्याच्याच नावावर आहे का, ते भावाबहिणीला तिकडून बघायला सांगा.