वादळवाऱ्याचा प्रोजेक्ट: उपग्रह घ्यावा की मॉडेल?

माझी भाची बडोद्याच्या दांडिया बाजारात राहते, यंदा एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे वारे हा विषय तिने पक्का केलाय, पण घोडं एकाच ठिकाणी अडलंय: "मामा, उपग्रहाचा डेटा घेऊ की मॉडेल चालवू?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, बडोद्यात असा प्रश्न पडलेली ती एकटीच नसावी.

उपग्रहाला वारा दिसत नाही, वाऱ्याने खडबडीत झालेलं पाणी दिसतं. स्कॅटरोमीटर वरून मायक्रोवेव्ह सोडतो आणि परत येणाऱ्या संकेतावरून वाऱ्याचा वेग आणि दिशा काढतो. इस्रोच्या ओशनसॅट-२ (२००९), स्कॅटसॅट-१ (२०१६) आणि ओशनसॅट-३ (२०२२) या तिघांवरही हे उपकरण बसवलं गेलं; पहिल्या दोघांवरचं आता बंद पडलंय. डेटा इस्रोच्या अहमदाबादच्या 'मॉसडॅक' या संकेतस्थळावर मिळतो, फाईल साध्या लॅपटॉपवर उघडते. मेख अशी की हे तिन्ही केयू बँडचे, म्हणजे आखूड लहरींच्या मायक्रोवेव्हचे, आणि जोराचा पाऊस या बँडचं मोजमाप गढूळ करतो. वादळाच्या डोळ्याभोवती पाऊस नसेल तर काय असेल! शिवाय हाती येते साधारण २५ किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी, त्यामुळे सर्वांत तीव्र वाऱ्याचा अरुंद पट्टा त्यात विरघळून जातो. युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार कितीतरी बारीक तपशील देतं, पण ते ऐन वेळी वादळावरून जाईलच असं नाही.

मॉडेलचं, म्हणजे संगणकावर गणिताने हवामान उभं करण्याचं, तसं नाही. दर तासाला, हव्या त्या उंचीवर, समुद्रावर आणि जमिनीवरही वारा मिळतो. डब्ल्यूआरएफ नावाचं मॉडेल फुकट आहे, चालवणं मात्र फुकट नाही. ३ किलोमीटरच्या ग्रिडवर (म्हणजे तेवढ्या चौकोनांच्या जाळीवर) मी एकदा घरच्या लॅपटॉपवर प्रयत्न केला होता; तिसऱ्या दिवशी डिस्क भरली आणि मी नाद सोडला. स्वस्तातला मार्ग म्हणजे ईआरए-५: युरोपच्या हवामान केंद्राने जुनी मोजमापं मॉडेलमध्ये मिसळून बनवलेला, १९४० पासूनचा तासातासाचा तयार डेटा, पण ग्रिड सुमारे ३१ किलोमीटरचं, म्हणून वादळाचा कमाल वेग त्यात बहुधा कमीच दिसतो. त्याहून सोपं म्हणजे वादळाचा वारा काढणारं, हॉलंड या शास्त्रज्ञाचं १९८० चं सूत्र. केंद्राचा दाब, बाहेरचा दाब, कमाल वाऱ्याची त्रिज्या आणि एक आकारांक एवढ्यावर एक्सेलमध्ये सुद्धा काम होतं.

आता ज्यावर बहुतेक जण फसतात ते. "मी ॲस्कॅटचा वारा ईआरए-५ शी ताडून पाहिला, छान जुळला!" जुळणारच. युरोपच्या मेटॉप उपग्रहांवरच्या ॲस्कॅट या स्कॅटरोमीटरची मोजमापं ईआरए-५ तयार करतानाच त्यात मिसळलेली असतात. साक्षीदार आणि न्यायाधीश एकाच घरचे! अटलांटिकमध्ये विमानं थेट वादळात शिरून उपकरणं टाकतात, तेव्हा तिसरी बाजू कळते. आपल्या समुद्रांवर अशी नियमित उड्डाणं होत नाहीत, म्हणून इथे ताडून पाहायला मुळात फार काही नसतं. सेंटिनेल-१ चं एखादं नेमकं चित्र हाती लागलं तर ते सोन्याच्या मोलाचं.

मग निवड? एकच सेमिस्टर आणि एकच लॅपटॉप असेल तर उपग्रह. गाईडकडे क्लस्टर (जोडलेल्या अनेक संगणकांचा संच) असेल आणि प्रश्न "वारा असा का वागला" हा असेल तरच डब्ल्यूआरएफ. आणि प्रश्न आपल्या गावाचा असेल तर स्कॅटरोमीटरचा विचारच नको. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीने बडोदा शहरात पाणी घातलं तेव्हा तो अतितीव्र कमी दाबाचा पट्टा गुजरातच्या जमिनीवर होता. समुद्रात उतरून त्याचं 'असना' वादळ झालं ते नंतर, ३० ऑगस्टला. जमिनीवर हे उपकरण आंधळंच.

भाचीला मी बिपरजॉय वादळ घ्यायला सांगितलंय. ६ जून २०२३ ला नाव मिळाल्यापासून १५ जूनला जखाऊजवळ किनाऱ्याला लागेपर्यंत ते समुद्रात रेंगाळलं, म्हणून उपग्रहाच्या फेऱ्या भरपूर मिळतात. २०२१ चं तौक्ते चार दिवसांत किनाऱ्याला आलं, त्यात तेवढी चैन नाही. आणि हो, वेग ताडताना आधी मिनिटं बघ म्हटलं. आपलं हवामान खातं ३ मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकेचे आकडे १ मिनिटाचे. ते सारखे न करता आलेख काढलास, तर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथूनच येईल.