गाळणी झकास, डोसर तापदायक

पलूस तालुक्यात, कृष्णाकाठच्या आमच्या गावात पाणी सोडायचं काम मी १९ वर्षं करतोय. आमचं जुनं शुद्धीकरण केंद्र ज्या ठेकेदारानं सुधारून दिलं तो कसा, असं शेजारच्या दोन गावांनी विचारलं, म्हणून लिहितोय.

वाळूचं काम एक नंबर. जुन्या फिल्टरमधली वाळू उपसली तेव्हा लिंबाएवढे चिखलाचे गोळे निघाले. बॅकवॉश, म्हणजे खालून उलटा प्रवाह सोडून वाळू धुणं, नुसत्या पाण्यानं व्हायचा, वाळू जेमतेम हलायची. आता खालून आधी हवा, मग पाणी. पहिल्यांदा हवेचा ब्लोअर लावला तेव्हा वाळू आमटीसारखी रटरटली. जूनमध्ये नदीला तांबडं पाणी आलं तरी गाळलेल्या पाण्याचा गढूळपणा मीटरवर ०.८ एनटीयू (गढूळपणा मोजायचं माप). १ पर्यंत चांगलं मानतात.

तुरटीचंही त्यांनी नीट शिकवलं. पूर्वी ढेपा पोत्यात बांधून पाटात सोडायचो, अंदाजपंचे. आता सहा भांड्यांत नदीचं पाणी घ्यायचं, प्रत्येकात वेगळा डोस टाकून ढवळायचं आणि कापसासारखे पुंजके कुठं लवकर बसतात ते बघायचं. आमच्या मंडळी हे माझ्यापेक्षा अचूक ओळखतात. ताकाची निवळी बघायची सवय, दुसरं काय!

डोसरनं, म्हणजे पाण्यात क्लोरिन सोडणाऱ्या यंत्रानं, मात्र रडवलं. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) कालवलेल्या टाकीच्या अगदी तळातनं नळी ओढत होती. तळाला चुनाच बसणार की! चौथ्या दिवशी तुंबली. शेवटच्या गल्लीत ओटी टेस्ट केली (क्लोरिन असेल तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं), तर पाणी पिवळं होईना. फोन केला. "माणूस पाठवतो." माणूस आला नऊ दिवसांनी. तोवर मीच नळी वीतभर वर बांधली, पावडर रात्री कालवून सकाळी वरची निवळी वापरायला लागलो. आता टोकाच्या नळाला क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅमच्या खाली जात नाही.

आणि पंपाचा विजेचा पॅनल. नकाशात तो जमिनीलगत! २०१९ च्या पुराची रेघ पंपघराच्या भिंतीवर मी स्वतः मारलीय, माझ्या छातीला लागते. साहेबांना रेघेपाशी नेऊन उभं केलं. "डिझाइनमध्ये नाही," म्हणाले. ग्रामसभेत आवाज चढला तेव्हा कुठं पॅनल रेघेच्या दोन फूट वर गेला, पण वाढीव खर्च पंचायतीच्या माथी.

काम द्यायला हरकत नाही. फक्त शेवटचा हप्ता जुलैचं पाणी गाळून दाखवल्यावर द्या. आमच्याकडं मार्चअखेरला सगळं बिल निघालं, म्हणून ते नऊ दिवस.