मुलांचं सिमवालं घड्याळ: फोन म्हणून ठेवा, पाळत म्हणून नको

आमचं गाव आर्वी तालुक्यात. पोरगी सहावीत, शाळा शेजारच्या गावात. ह्यांनी तिच्यासाठी जीपीएसचं घड्याळ मागवलं, अडीच हजारांच्या आसपास पडलं. शाळा उघडल्यापासून ती वापरून राहिली.

आवाज स्वच्छ आहे. एसओएसचं, म्हणजे संकटात मदत मागायचं, बटण दाबून धरलं की भरलेले नंबर एकामागून एक लागतात. पावसात नाल्याला पूर आला तेव्हा तिनं अलीकडूनच फोन केला आणि मोठे बाबा जाऊन घेऊन आले. तेवढ्यात पैसे वसूल झाले.

जागा मात्र उघड्यावरच बरोबर दाखवतं. शाळेच्या स्लॅबखाली गेली की टॉवरवरून अंदाज, आणि आमच्याकडे टॉवर दूरदूर. पोरगी वर्गात अन् मोबाइलच्या नकाशावरचा ठिपका कोणाच्या तरी पऱ्हाटीत! नकाशावर आपण आखून दिलेल्या घेऱ्याबाहेर गेल्याची सूचना वाजली की सासूबाईंचा जीव खालीवर.

पण मला बोलायचं आहे ते पोरीबद्दल. मागच्या वर्षी सायकलची चेन उतरली तर ही स्वतः चढवून काळ्या हातानं घरी यायची. घड्याळ आल्यावर चेन उतरली की बाबाला फोन, आणि बाबा गाडी काढून हजर. दुकानातून विचारणार, "आई, बारीक रवा नाही म्हणतात, जाडा घेऊ काय?" मैत्रिणीशी बिनसलं तरी मधल्या सुट्टीत फोन. अडचण आली की पोरानं दोन मिनिटं तिथंच उभं राहून डोकं चालवावं लागते. ती दोन मिनिटंच गेली.

त्यात न वाजता गुपचूप आजूबाजूचं ऐकायची सोय. जर्मनीनं 2017 मध्ये मुलांच्या अशा घड्याळांवर बंदी घातली. तिथं पालक वर्गातल्या शिक्षकांचंही बोलणं ऐकत होते. पोरीला हे कळलं तेव्हापासून मैत्रिणींशी बोलताना ती घड्याळ दप्तरात कोंबायची. मला फार वाईट वाटलं.

आता घेरा आणि ऐकणं, दोन्ही बंद केलं. चेन, रवा, भांडण तिचं ती पाहील. पूर, अंधार, दुखापत असेल तर लगेच फोन. चेन पुन्हा स्वतः चढवते.

घेणाऱ्यांनी पाहून घ्या: आमचं 2जी आहे, 2जी नसलेल्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. संध्याकाळी आल्याबरोबर चार्जिंगला लावा, रात्री लाइनचा भरवसा नाही.

पाचपैकी तीन तारे. एक ठिपक्यासाठी कापला, एक चोरून ऐकण्यासाठी. कोणी ऐकत असेल तर घड्याळावर दिवा लागला पाहिजे, बनवणाऱ्यांनी एवढं तरी करावं.