स्टॅनली नंबर ४ रंधा, हातात घेतला की सोडवत नाही

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून हा लोखंडी हातरंधा घेतला आणि खरंच सांगतो, सागावर याची ढलपी निघते ना ती इतकी पातळ की पलीकडचं दिसतं, फळी पण अशी गुळगुळीत होते की सँडपेपर लागतच नाही. पातं २ इंची, मागचं पितळी चाक जरासं फिरवलं की पातं केसभर वरखाली होतं, हे मला सगळ्यात आवडलं, कारण लाकडी रंध्यात त्यासाठी हातोडीने ठोकत बसावं लागतं. नवीन पातं मात्र आधी १००० मग ६००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) धारेच्या दगडावर घासूनच वापरा (धारेशिवाय मजा नाही). मशीनसारखा गोंगाट नाही, फ्लॅटमध्येही चालतं. मुंबईच्या पावसाळ्यात गंज पटकन धरतो, तेवढा तेलाचा हात फिरवत जा.